वाचक विचारतात : मनाचा अभ्यास कोणत्या विभागात करायचा?

गेल्या अंकात याच सदरात ‘उत्क्रांती, मन आणि मानवी वर्तन’ या विषयावर एक टिपण आले होते. जीवशास्त्र, मानसशास्त्र, मानवशास्त्र, अर्थशास्त्र आणि भाषाविज्ञान यांच्या अभ्यासकांनी आपापल्या विभागांच्या भिंती ओलांडून एकाच प्रश्नावर एकत्र बसावे, एवढाच त्याचा आशय होता. त्यावर आलेली पत्रे पाहता वाचकांना या विषयाचे कुतूहल जेवढे आहे तेवढीच शंकाही आहे, असे दिसते. शंका रास्त आहेत. त्यांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत, आणि एकाच आशयाची अनेक पत्रे होती तेथे एकच निवडले आहे.

प्रश्न : माझी मुलगी प्राणिशास्त्र घेऊन टी. वाय. बी.एस्सी. करीत आहे. ‘माणूस असा का वागतो’ याचा तिला पुढे अभ्यास करायचा आहे. मानसशास्त्राच्या एका विभागात विचारले, तर आधीची पदवी मानसशास्त्राची हवी म्हणाले. प्राणिशास्त्राच्या विभागात म्हणाले की माणूस आमच्या अभ्यासक्रमात नाही. हा विषय नेमका आहे तरी कुणाचा? — एक पालक, डोंबिवली

उत्तर : विषय कुणा एकाचा नाही, आणि आपल्या मुलीची अडचण त्यातूनच आलेली आहे. ज्या काळी हा प्रश्न पहिल्यांदा नीट विचारला गेला, त्या काळी विभागांचा एवढा काच नव्हता. डार्विनने १८५९ च्या आपल्या ग्रंथाच्या शेवटी, मानसशास्त्र पुढे नव्या पायावर उभे राहील, असे भाकीत करून ठेवले आणि १८७२ मध्ये माणसाच्या व प्राण्यांच्या भावना चेहऱ्यावर कशा उमटतात यावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. त्यासाठी त्याने स्वतःच्या मुलांची निरीक्षणे वापरली, एका फ्रेंच डॉक्टरने काढलेली छायाचित्रे मिळवली, आणि जगभरच्या मिशनऱ्यांना व अधिकाऱ्यांना प्रश्नावली पाठवली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या एका गृहस्थानेही त्याला उत्तरे कळवली होती. हे सारे एका माणसाच्या टेबलावर जमत होते, म्हणून ‘आंतरविद्याशाखीय’ हा अवघड शब्द तेव्हा कुणाला लागला नाही.

आज ते एका माणसाला झेपणारे नाही. मग कामाची वाटणी कशी करायची? यासाठी निको टिनबर्गन या प्राणिवर्तनशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये सांगितलेली रीत अजूनही सर्वांत उपयोगी आहे. कोणत्याही वर्तनाबद्दल ‘का’ असे विचारले की त्यात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात, असे त्याचे म्हणणे होते.

एक उदाहरण घेऊ. सकाळी साडेआठला कोणत्याही पाळणाघराच्या दारात उभे राहावे. दीड वर्षाच्या मुलाने आईच्या ओढणीचे टोक मुठीत घट्ट धरलेले असते. आई त्याची बोटे एकेक करून सोडवीत असते आणि एक डोळा घड्याळाकडे ठेवून असते, कारण ८:५२ ची गाडी चुकली तर पुढची पंधरा डब्यांची नसते. मूल का रडते? शरीरात त्या क्षणी काय घडते, कोणते संप्रेरक वाढते, मेंदूचा कोणता भाग जागा होतो, हा पहिला प्रश्न. तीन महिन्यांचे असताना ते असे रडत नव्हते आणि पाचव्या वर्षी रडणार नाही, तेव्हा ही गोष्ट वाढीच्या ओघात कशी येते व कशी ओसरते, हा दुसरा. आईपासून दूर होताच आक्रोश करणाऱ्या पिल्लाला जगण्याच्या दृष्टीने काय लाभ झाला असेल, हा तिसरा. आणि माकडांच्या, वानरांच्या पिल्लांत हे वर्तन कोणत्या रूपात दिसते, म्हणजे आपल्या वंशवृक्षात ते किती जुने आहे, हा चौथा. शरीरक्रियाशास्त्रज्ञ, बालमानसशास्त्रज्ञ, उत्क्रांतीचे अभ्यासक आणि माकडांचे निरीक्षक यांची उत्तरे परस्परांना खोडीत नाहीत. ‘संप्रेरकामुळे रडते’ आणि ‘पिल्लाचा जीव वाचतो म्हणून रडते’ यांत भांडण नाही. आपल्याकडच्या चर्चासत्रांतले निम्मे वाद मात्र याच गैरसमजातून होतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

हे उदाहरण उगाच निवडलेले नाही. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमधील मनोविश्लेषक जॉन बोल्बी आणि केंब्रिजचे प्राणिवर्तनशास्त्रज्ञ रॉबर्ट हाइंड यांची १९५० च्या दशकात गाठ पडली. बोल्बी आईपासून दुरावलेल्या मुलांवर काम करीत होते, तर हाइंड आधी पक्ष्यांवर आणि पुढे ऱ्हीसस माकडांवर. बोल्बींनी मनोविश्लेषणाची बरीचशी परिभाषा बाजूला ठेवून प्राण्यांच्या निरीक्षणातून आलेली भाषा घेतली, आणि हाइंड यांनी माकडांच्या आई-पिल्लांना काही दिवस वेगळे ठेवल्यावर काय होते, हा बोल्बींचा प्रश्न आपल्या पिंजऱ्यांपर्यंत नेला. १९६९ पासून प्रसिद्ध झालेला, मुलाला आईची जी ओढ असते तिच्याविषयीचा, म्हणजे आसक्तीविषयीचा, बोल्बींचा ग्रंथ या देवाणघेवाणीतून उभा राहिला. मनोविश्लेषकांच्या वर्तुळात बोल्बींना त्याची किंमत मोजावी लागली. कित्येक वर्षे तेथे त्यांना जवळचे कुणी मानीत नव्हते.

आपल्या मुलीबद्दल सांगायचे, तर तिने प्राणिशास्त्राची पदवी सोडू नये. संख्याशास्त्र मात्र आताच मनापासून शिकावे, कारण पुढे कोणत्याही दाराने आत गेले तरी ते लागतेच. अलाहाबाद विद्यापीठ आणि कानपूर व गांधीनगर येथील आयआयटी यांत कॉग्निटिव्ह सायन्सचे, म्हणजे मनाच्या व्यवहारांच्या विज्ञानाचे, शिक्षण मिळते आणि तेथे निरनिराळ्या शाखांतून आलेले विद्यार्थी असतात. प्राण्यांच्या वर्तनाकडून माणसाकडे यायचे असेल, तर बंगळुरूच्या संस्थांत त्या कामाची जुनी परंपरा आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी पाहून घ्यावेत.

प्रश्न : लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा करून देतात. यालाही उत्क्रांतीच जबाबदार आहे का? (थट्टेने विचारत नाही.) — एक प्रवासी, वसई

उत्तर : थट्टेने विचारले असते तरी प्रश्न चांगलाच होता. परक्याला मदत का करावी, हे कोडे उत्क्रांतीच्या अभ्यासकांना फार दिवस छळत होते. नातलगाला मदत करण्याचे गणित डब्ल्यू. डी. हॅमिल्टन यांनी १९६४ मध्ये मांडले : आपली जनुके त्याच्यातही असतात, म्हणून त्याचा फायदा काही अंशी आपलाच असतो. पण चर्चगेटपर्यंत अर्ध्या मांडीवर टेकणारा चौथा माणूस आपला कुणी नसतो. त्यावर रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी १९७१ मध्ये असे सुचवले की पुन्हा पुन्हा गाठ पडणार असेल तर आजचा उपकार उद्या परत येऊ शकतो, आणि अशा परिस्थितीत मदत करण्याची वृत्ती टिकून राहू शकते.

यापुढचा भाग आपल्या विषयाला अगदी लागू आहे. मिशिगन विद्यापीठातील राज्यशास्त्राचे प्राध्यापक रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी संगणकावर एक स्पर्धा घेतली. सहकार्य करायचे की दगा द्यायचा हे प्रत्येक फेरीत ठरवणारे प्रोग्राम लोकांनी पाठवायचे आणि ते एकमेकांशी खेळवायचे. पहिल्या वेळी १४ प्रोग्राम आले, दुसऱ्या वेळी ६२. दोन्ही वेळा अनातोल रॅपोपोर्ट यांनी पाठवलेला, सर्वांत छोट्या प्रोग्रामांपैकी एक जिंकला. त्याची रीत मराठीत दोन शब्दांत सांगता येते : जशास तसे. आधी सहकार्य करायचे, मग समोरचा वागेल तसे वागायचे. ॲक्सेलरॉड यांना हे जीवशास्त्राशी जोडायचे होते, म्हणून त्यांनी ऑक्सफर्डला रिचर्ड डॉकिन्स यांना लिहिले; आणि डॉकिन्स यांनी त्यांना सुचवले की हॅमिल्टन यांच्याशी बोला, ते तुमच्याच विद्यापीठात आहेत! दोघांचा एकत्रित शोधनिबंध १९८१ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. एकाच आवारातल्या दोन माणसांची ओळख व्हायला पत्र अटलांटिक ओलांडून जावे लागले, ही गोष्ट मी विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगत असे, आणि ती ऐकून प्राध्यापकच अधिक हसत.

आता आपल्या चौथ्या सीटकडे. रोजच्या ठरलेल्या गाडीला, ठरलेल्या डब्यात तीच माणसे भेटतात, तेव्हा जशास तसे हे स्पष्टीकरण चपखल वाटते. पण एकदाच प्रवास करणाऱ्या अनोळखी माणसालाही लोक ‘बसा’ म्हणतात. तेथे परतफेडीचा हिशेब लागत नाही. तेथे रिवाज आहे, आणि न सरकणाऱ्याकडे बाकीचे कसे पाहतात हेही आहे. खरोखर तपासायचे, तर सकाळची नेहमीची गाडी आणि रविवारी दुपारची गाडी यांत किती वेळा जागा दिली जाते ते मोजावे लागेल, आणि नंतर सरकणाऱ्यांना व न सरकणाऱ्यांना बोलते करावे लागेल. पहिले काम वर्तनशास्त्रज्ञाचे, दुसरे समाजशास्त्रज्ञाचे. एकट्याने केले तर अर्धेच उत्तर हाती येईल.

प्रश्न : स्पष्ट लिहितो, राग नसावा. ‘आदिमानव शिकार करायचा म्हणून पुरुषांना फ्रिजमधले लोणचे सापडत नाही’ छापाच्या कहाण्या आम्ही भरपूर वाचल्या आहेत. गुहेतल्या माणसाच्या नावावर काहीही खपवता येते. हे विज्ञान कसे? — एक सेवानिवृत्त अभियंता, मुलुंड

उत्तर : राग कशाला? लोणच्याची कहाणी विज्ञान नाहीच. कोणत्याही वागण्यामागे सोयीस्कर भूतकाळ जोडता येतो. तो खोटा ठरवता येईल अशी काही सोय स्पष्टीकरणातच नसेल, तर ते कीर्तनातल्या दृष्टांतासारखे असते. ऐकायला गोड, पण पुराव्याला निरुपयोगी. तेव्हा एक टिकलेले आणि एक अजून वादात असलेले, अशी दोन उदाहरणे देतो.

वानरे, म्हणजे काळ्या तोंडाची लांब शेपटीची हनुमान लंगुरे, आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही दिसतात. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीस युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळ पाहिले की बाहेरून आलेला नर कळपाच्या नराला हुसकावतो आणि त्यानंतर कळपातली अंगावर पिणारी पिल्ले मारली जातात. गर्दी वाढल्यामुळे माकडांचे डोके फिरते, असे तेव्हा अनेकांना वाटे. १९७१ मध्ये सारा ब्लॅफर ह्रडी ही मानवशास्त्राची विद्यार्थिनी माउंट अबूला आली तीही गर्दीची कल्पना मनात घेऊनच. पण तिथे जे दिसले ते त्या कल्पनेत बसेना. पिल्लू गेले की मादी लवकर पुन्हा माजावर येते, आणि नव्या नराची कारकीर्द तर थोड्या काळाची असते; तेव्हा हे वेड नसून नराच्या दृष्टीने फायद्याचे वर्तन असावे, असे ह्रडी यांनी मांडले. त्यावर खूप टीका झाली. मात्र या मांडणीत खोटे ठरण्याची जागा होती : मारणारा नर जर पिल्लाचा बाप निघाला असता, तर सारेच कोसळले असते. १९९९ मध्ये नेपाळातील रामनगरच्या वानरांच्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली, आणि हल्ला करणारे नर त्या पिल्लांचे बाप नव्हते, असे दिसून आले. रानात वर्षानुवर्षे उभे राहणारे निरीक्षक आणि प्रयोगशाळेतले आनुवंशिकीतज्ज्ञ, दोघे नसते तर हा वाद आजही नुसता मतांवर चालला असता. यावरून माणसांविषयी लगेच काही बोलू नये, हे ओघाने आलेच.

दुसरे उदाहरण स्वतः करून पाहण्याजोगे आहे. टेबलावर चार कार्डे आहेत. दर्शनी बाजूस अ, क, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असलीच पाहिजे. नियम पाळला आहे की नाही, हे पाहायला कोणती कार्डे उलटावी लागतील? पीटर वेसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या या कोड्यात बहुतेक सुशिक्षित माणसे चुकतात. ती ‘अ’ उलटतात आणि बरोबरीने ‘४’ उलटतात; उलटायला हवे असते ते ‘७’.

आता टीसीच्या जागी उभे राहा. नियम : फर्स्ट क्लासच्या डब्यात बसणाऱ्याकडे फर्स्ट क्लासचा पास हवा. एकजण फर्स्ट क्लासमध्ये आहे, दुसरा सेकंड क्लासमध्ये, तिसऱ्याच्या हातात फर्स्ट क्लासचा पास आहे, आणि चौथ्याच्या हातात सेकंड क्लासचा. कुणाची चौकशी कराल? पहिल्याचा पास पाहाल आणि चौथा कुठे बसला आहे ते पाहाल. मुंबईच्या शाळकरी पोरालाही हे सांगावे लागत नाही. तर्काचा सांगाडा दोन्हीकडे तंतोतंत एकच आहे. मानसशास्त्रज्ञ लेडा कॉस्मिडीज यांनी १९८९ मध्ये असा निष्कर्ष मांडला की फुकट्याला हेरण्याची खास क्षमता मानवी मनात नैसर्गिक निवडीने घडलेली आहे, कारण परस्पर सहकार्यावर जगणाऱ्या प्राण्याला ती लागतेच. त्यांचे पती जॉन टूबी मानवशास्त्रज्ञ होते, आणि दोघांनी मिळून या विचारावर पुढे एक सबंध अभ्यासपरंपरा उभी केली. पण १९९५ मध्ये डॅन स्पर्बर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की कोड्याची वाक्यरचना बदलून योग्य मुद्दा ठळक केला, तर फसवणुकीचा संबंध नसतानाही लोक बरोबर उत्तरे देतात. म्हणजे फरक कदाचित भाषा समजण्याच्या रीतीत असेल. हा वाद मिटलेला नाही. मला व्यक्तिशः दुसरी बाजू थोडी जड वाटते, परंतु हा वाद होऊ शकतो, प्रयोगाने पुढेमागे सरकतो, एवढे लोणच्याच्या कहाणीहून वेगळेपण दाखवायला पुरेसे आहे.

प्रश्न : माणसाच्या शरीराची आणि वर्तनाची सांगड घालण्याच्या नावाखाली याच देशात नाके मोजून जाती लावल्या गेल्या. आता पुन्हा ‘जनुके आणि वर्तन’ म्हणताना तुम्हाला भीती वाटत नाही का? — एक वाचक, दादर

उत्तर : वाटते, आणि वाटलीच पाहिजे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या रुंदीवरून जातीचे सामाजिक स्थान ताडता येते, असे ठासून सांगितले होते, आणि त्या काळी ते अद्ययावत विज्ञान समजले जात असे. त्याला उत्तर मिळाले ते याच शहरातून. मुंबई विद्यापीठात १९१९ मध्ये सुरू झालेल्या समाजशास्त्र विभागाचे पुढे दीर्घकाळ प्रमुख असलेले गो. स. घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात रिस्ले यांचीच मापे पुन्हा तपासली आणि दाखवून दिले की उत्तरेतील एका प्रदेशाबाहेर नाकाचा आणि जातीच्या उतरंडीचा तो मेळ बसतच नाही. मापे मोजणाऱ्याला त्यांनी मापांनीच उत्तर दिले.

घुर्ये यांच्या विद्यार्थिनी इरावती कर्वे यांची हकिगत तर आणखी बोलकी आहे. त्या बर्लिनला ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी गेल्या. युरोपीय लोकांच्या कवटीची उजवी-डावी बाजू विषम असते आणि तिचा संबंध त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीशी असावा, अशी फिशर यांची अपेक्षा. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि वंशाचा तसा काही संबंध दिसत नाही, असे प्रबंधात लिहिले. परीक्षक स्वतः फिशर असताना! पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी नातेसंबंधांच्या शब्दांपासून शरीरमापनापर्यंत सारे एकाच प्रश्नाच्या सेवेला जुंपले. १९५३ चे त्यांचे भारतीय आप्तसंबंधांवरील पुस्तक आजही संदर्भाला लागते.

या दोघांमुळे मला एवढे कळते की धोका दोन विद्याशाखा एकत्र आल्याने येत नाही. एका शाखेने आकडे द्यायचे आणि दुसरीने ते निमूटपणे मान्य करायचे, यातून तो येतो. मानववंशाच्या, जातीच्या, स्त्री-पुरुषभेदाच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या गटात, ‘ही वर्गवारीच चुकीची आहे’ असे म्हणण्याचा आणि काम थांबवण्याचा अधिकार असलेला समाजशास्त्रज्ञ पहिल्या दिवसापासून हवा. अहवाल लिहून झाल्यावर प्रस्तावना लिहायला बोलावलेला नव्हे.

प्रश्न : मानसशास्त्राचे प्रयोग अमेरिकेतल्या कॉलेजकुमारांवर होतात आणि निष्कर्ष आम्हाला लावतात, हे खरे आहे का? — एक शिक्षिका, लालबाग

उत्तर : बऱ्याच अंशी खरे आहे, आणि ते प्रथम मोठ्याने म्हणणारेही पाश्चात्त्यच होते. जोसेफ हेन्रिक, स्टीव्हन हाइन आणि अरा नोरेन्झायन यांनी २०१० मध्ये या विषयावर गाजलेला लेख लिहिला. त्यात एका पाहणीचा दाखला आहे : प्रमुख नियतकालिकांतील मानसशास्त्रीय प्रयोगांचे ९६ टक्के सहभागी जगाच्या १२ टक्के लोकसंख्येच्या देशांतून आलेले होते.

हेन्रिक मानवशास्त्राचे. पेरूच्या जंगलातील माचिग्वेंगा लोकांत राहत असताना त्यांनी अर्थशास्त्रज्ञांचा एक खेळ करून पाहिला. पहिल्याला काही रक्कम द्यायची. त्यातला किती वाटा दुसऱ्याला द्यायचा ते त्याने सांगायचे. दुसऱ्याने वाटा नाकारला तर दोघांनाही काही नाही. पाश्चात्त्य विद्यार्थी साधारणपणे ४० ते ५० टक्के देऊ करतात. माचिग्वेंगांनी सरासरी २६ टक्के देऊ केले आणि समोरच्यांनी ते जवळजवळ कधीच नाकारले नाहीत. फुकट मिळणारे पैसे कुणी नाकारील कशाला, असा त्यांचा रोख. मग अर्थशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ यांनी मिळून १५ लहान समाजांत हाच खेळ नेला. इंडोनेशियातील लामालेरा गावात, जिथे होड्या घेऊन देवमाशाची शिकार सर्वांनी मिळून केली जाते आणि वाटे ठरलेल्या रिवाजाने होतात, सरासरी ५८ टक्के देऊ केले गेले. बाजाराशी संबंध किती आणि रोजच्या पोटापाण्यात एकमेकांची गरज किती, यांवर बराच फरक अवलंबून होता. हे काम एकट्या अर्थशास्त्रज्ञाला जमले नसते, कारण त्या गावांत वर्षानुवर्षे राहिलेला आणि तिथली भाषा बोलणारा माणूस त्याच्याकडे नव्हता.

भाषेवरून एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी लक्ष विचलित होण्याविषयीची एक इंग्रजी प्रश्नावली आम्ही मराठीत केली होती. ‘काम करताना तुमचे मन दुसरीकडे जाते का?’ असा एक प्रश्न होता. आपल्याच भागातल्या, चाळीत राहणाऱ्या एका बाईंनी क्षणभर विचार करून सांगितले, “मन तर दोन वर्षं गावीच आहे. आई गेल्यापासून. पण कामात चूक नाही होत माझ्याकडून.” आम्ही लक्ष मोजायला गेलो होतो आणि हाती आला होता वियोग. मराठीत ‘लक्ष लागत नाही’ आणि ‘मन लागत नाही’ ही दोन निरनिराळी वाक्ये आहेत, हे आम्हा सर्वांना लहानपणापासून ठाऊक होते. तरी अनुवाद करताना कुणाच्या ध्यानात आले नाही, कारण गटात एकही भाषेचा माणूस नव्हता. ‘मन’ हा शब्द बुद्धीपेक्षा काळजाच्या अधिक जवळ राहतो. नंतर प्रश्नावलीतले सात प्रश्न बदलावे लागले, आणि आधी भरून घेतलेले सगळे कागद बाजूला ठेवावे लागले.

एक सावधगिरीही लिहून ठेवतो. माटुंगा किंवा विलेपार्ल्याच्या कॉलेजातील मुलांवर प्रयोग करून त्यास ‘भारतीय मन’ म्हणणे, ही तीच चूक आहे. फक्त पत्ता बदललेला.

प्रश्न : माणसाची उत्क्रांती आता थांबली आहे ना? — एक विद्यार्थी, गोरेगाव

उत्तर : नाही. आपल्या शेजारच्या आरे कॉलनीकडे पाहा. १९४९ पासून तेथे शहरासाठी दूध काढले जात आहे, पण ते दूध मोठेपणी सर्वांनाच पचत नाही. दुधातली साखर पचवणारे विकर (एन्झाइम) बहुतेक सस्तन प्राण्यांत लहानपणानंतर कमी होते. गुरे पाळणाऱ्या काही समाजांत मात्र ते आयुष्यभर टिकवणारे जनुकीय बदल गेल्या काही हजार वर्षांतच पसरले. भारतात असा बदल वायव्येकडे अधिक आणि दक्षिणेकडे व पूर्वेकडे कमी आढळतो, आणि तो युरोपात आढळणाऱ्या बदलाशी जुळणारा आहे. येथे आधी सवय बदलली आणि मागाहून जनुक. दूध सोसत नसलेल्यांनी दही-ताकाचा मार्ग काढला, कारण विरजणातले जिवाणू त्या साखरेचा काही भाग आधीच संपवतात.

प्रश्न : शाळेच्या पुस्तकातून उत्क्रांती काढली, असे ऐकले. आता कॉलेजात हे विषय शिकवून उपयोग काय? — एक पालक, कल्याण

उत्तर : एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, आणि एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ व शिक्षकांनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. धडा आहे, तो परीक्षेपुरता उरकला जातो, ही तक्रार वेगळी.

प्रश्न : आम्ही उपनगरातील एका महाविद्यालयातील तिघे प्राध्यापक (प्राणिशास्त्र, मानसशास्त्र, मराठी) असा गट सुरू करू इच्छितो. निधी नाही. कुठून सुरुवात करावी? — नाव न देण्याच्या अटीवर

उत्तर : मराठीचे प्राध्यापक आधीपासून आहेत, हे वाचून बरे वाटले. आमच्यापुढे गेलात.

मुंबईत माणसांची वाण नाही. देवनारला टाटा समाजविज्ञान संस्था आहे आणि तिथून जवळच मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. पवईला आयआयटी, कलिन्याला विद्यापीठ, कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था, म्हणजे टीआयएफआर. याच टीआयएफआरमध्ये गणितज्ञ म्हणून नोकरीस असताना दा. ध. कोसंबी पुण्याहून डेक्कन क्वीनने ये-जा करीत. प्राचीन नाणी वजन करण्याचा त्यांना नाद होता. चलनात फिरताना नाणे झिजते, म्हणून वजनातील घट संख्याशास्त्राने मोजली तर नाण्यांच्या साठ्यांचा कालक्रम लावता येतो, हे त्यांनी दाखवले. तसा माणूस दर पिढीत मिळत नाही. आपल्यासारख्यांनी तिघे मिळून एक कोसंबी होता आले तरी पुष्कळ.

आमचा असाच एक गट दीड वर्ष चालला आणि बंद पडला. कारण तात्त्विक नव्हते. विद्यार्थिनीचा प्रबंध कोणत्या अभ्यास मंडळापुढे ठेवायचा हे कुणी सांगेना, दुसऱ्या शाखेचा सहमार्गदर्शक अर्जातल्या रकान्यात बसेना, आणि झेरॉक्सचे ११४० रुपयांचे बिल दोन विभागांमध्ये चार महिने फिरत राहिले. शिवाय आमच्या नोंदींत एकाने मुलांचे वय महिन्यांत लिहिले होते, तर दुसरीने इयत्तेत. ते जुळवण्यात एक दिवाळीची सुटी गेली.

म्हणून सुरुवात परिसंवादाने करू नका. एक लहान वर्तन निवडा जे तुमच्या आवारात रोज घडते : कॅन्टीनच्या रांगेत मध्ये घुसणे, वही उसनी देणे, पाळणाघराच्या दारातले ते रडणे. टिनबर्गनचे चार प्रश्न कागदावर लिहा आणि कोणता कुणाचा ते ठरवा. नोंदींचा तक्ता तिघांनी एकत्र बसून आखा, प्रत्येक रकान्याचे एकक लिहा. लेखावर नावे कोणत्या क्रमाने येतील हे काम सुरू होण्याआधी बोलून घ्या. नंतर बोलणे फार अवघड होते. माणसांवर काम आहे, तेव्हा संमतीपत्र हवे आणि नैतिकता समितीची मान्यताही; संमतीपत्राचे मराठी तुमच्या मराठीच्या सहकाऱ्याकडून लिहवून घ्या आणि कॉलेजच्या शिपाईमामांना वाचायला देऊन ते काय समजले ते विचारा. दर पंधरवड्याला एकाने दुसऱ्याच्या विषयातील एक लेख समजावून सांगावा, आणि ज्याचा विषय आहे त्याने तेवढा वेळ गप्प बसावे. आमच्या गटात हे शेवटचे कलम सर्वांत कठीण गेले.

बाहेरच्या कुणाला बोलवायचे झाले तर शनिवारी दुपारी, कुर्ल्याच्या आसपास जागा पाहा. मध्य आणि हार्बर दोन्ही मार्गांवरून तेथे थेट येता येते, आणि पवईहून येणाऱ्याला रिक्षाने फार लांब पडत नाही.